माउंटवाले भाऊ

युसूफ वडगावला पोलीस ठाणं आहे, पण हरवलेल्या फाइलची तक्रार तिथं कुणी नेत नाही. ती भाऊंकडं जाते. असा एक भाऊ आता बहुतेक गावांत सापडतो. कुणी जुना लॅपटॉप भंगारात द्यायला निघालं, की त्याचा जीव कासावीस होतो. "दोन जीबी रॅम हाय ना? मग मेला कसा?" असं म्हणत तो खिशातून पेनड्राइव्ह काढतो.

पेनड्राइव्हवर पपी लिनक्स ही छोटी ऑपरेटिंग सिस्टिम. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी कॉलर यांनी ती २००३ मध्ये आणली. भाऊ कॉलरांबद्दल इतक्या सलगीनं बोलतात, की ऐकणाऱ्याला ते केजला राहत असावेत असं वाटतं. लॅपटॉप चालू होतो, त्याचे मालक तात्या खूश होतात. भाऊ इथंच उठले असते तर बरं होतं.

तात्यांच्या मुलाचं लग्न. आमंत्रणांची यादी आतल्या डिस्कवर आणि तिच्यात व्याह्यांच्या मेहुण्याचं नाव राहिलेलं. डिस्क दिसते, यादी उघडते. नाव घालून सेव्ह करायला गेलं की 'रीड-ओन्ली'.

"दिसतंय तर लिहिता का येईना?"

"तात्या, धनेगावचं धरण दिसतं. म्हणून कुणीबी मोटार टाकावी का?"

तात्यांनी मोटार कधीच टाकलेली असते. दृष्टांत वाया जातो.

शेजारच्या झेरॉक्सवाल्या पोरानं विचारलं, "चमॉड ७७७ मारू का?" चमॉड ७७७ म्हणजे सगळ्यांना सगळी परवानगी. भाऊंनी कानांवर हात ठेवले. पपीत माणूस आधीच रूट, म्हणजे सर्वाधिकारी, असतो. त्याला आणखी परवानगी कोण देणार? शिवाय डिस्क विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीची. ती लिहू देत असली, तरी नेहमीच्या माउंटवर, म्हणजे डिस्कच्या जोडणीवर, ही आज्ञा निमूट चालते, चूक दाखवत नाही आणि परवानग्या जिथल्या तिथं राहतात. असल्या निमूटपणाचा भाऊंना फार राग.

दुखणं वेगळंच होतं. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' आलं. शट डाउन केलं तरी विंडोज आपला गाभा डिस्कवर लिहून ठेवतं आणि नुसतं पडून राहतं. अशा डिस्कवर दुसऱ्यानं लिहिलं तर सगळा घोळ व्हायचा, म्हणून लिनक्स हात आखडता घेतं. "झोपलेल्याला उठवता येतं तात्या, सोंग घेतलेल्याला न्हाई." उपाय सोपा: विंडोज चालू करायचं, शिफ्ट दाबून शट डाउन करायचं आणि मग पपीत यायचं. पण भाऊ उपायाआधी कारण सांगतात, कारणाआधी इतिहास. पैसे घेत नाहीत, त्यामुळं मधेच उठताही येत नाही. घाई असलेली माणसं म्हणूनच अंबाजोगाईचं दुरुस्तीचं दुकान गाठतात आणि आनंदानं पैसे मोजतात.

शिफ्ट दाबून झालं, डिस्क लिहिती झाली. भाऊ विजयी मुद्रेनं वळले. तात्यांनी तोवर पोराकडून यादीची प्रिंट काढून घेतली होती आणि खाली पेनानं मेहुण्याचं नाव लिहिलं होतं.

"आता प्रिंटवर लिहिलंत," भाऊ दुखावल्या आवाजात म्हणाले, "पण फाइलीत कोण लिहिणार?"