काका, दुसरा हात!

अक्षता पडल्या आहेत, पंगतीला अजून अवकाश आहे, आणि कार्यालयाच्या कोपऱ्यात पोरांचा घोळका जमलाय, तर खुशाल समजावं की मधोमध नाणेकाका उभे आहेत. प्रत्येक घराण्यात एक असतात. कुणी पेटी वाजवतं, कुणी पत्रिका बघतं, हे नाणं गायब करतात. वय साठीच्या अलीकडे-पलीकडे, नोकरी सरकारी खात्यात झालेली, आणि भर वैशाखात पूर्ण बाह्यांचा शर्ट. लहानपणी जादूगार रघुवीरांचा प्रयोग पाहिला तेव्हापासून हे असं आहे, असं घरचे सांगतात. दुखणं कधीपासूनचं आहे हे डॉक्टरांना सांगावं त्या सुरात.

पूर्वी खेळाची सुरुवात सोपी होती. ‘कुणीतरी एक रुपया द्या’ म्हटलं की चार हात खिशात जात. आता यूपीआयने काकांच्या पोटावर पाय आणलाय. रुपया मागितला की समोरचा मोबाइल काढून ‘नंबर सांगा’ म्हणतो. म्हणून काका आधी स्वतःचं नाणं प्रेक्षकाच्या हातावर ठेवतात, मग तेच त्याच्याकडून उसनं मागतात आणि वर बजावतात, ‘‘नाणं तुमचंच आहे ना? नीट बघून घ्या हं.’’ प्रेक्षक बिचारा नीट बघून घेतो.

नाणी पाडताना सरकारने जादूगारांचा विचारच केला नाही, ही त्यांची जुनी तक्रार. हल्लीचा रुपया जेमतेम 20 मिलिमीटरचा, स्टीलचा, बुळबुळीत. दहाचं नाणं 27 मिलिमीटरचं, ते बरं. भाजीवाले घ्यायला कुरकुरतात, काका दोन्ही हातांनी घेतात. पण खरं नाणं म्हणजे अमेरिकेचा अर्धा डॉलर. 30.6 मिलिमीटर, कडेला रेघा, पकड अशी की बोलायला नको! न्यू जर्सीच्या भाच्याला चार आणायला सांगितले होते. हे नाणं तिकडेही रोजच्या व्यवहारात फारसं दिसत नाही. भाच्याने चॉकलेटं आणली. मग एका दिवाळीत काकांना शोध लागला, की देव्हाऱ्यातला राणीछाप रुपया जवळजवळ त्याच मापाचा आहे आणि वजनाला चांगला तोळाभर, 11.66 ग्रॅम. तेव्हापासून काकू लक्ष्मीपूजनाच्या तबकातले रुपये आरतीआधी मोजतात आणि आरतीनंतर पुन्हा मोजतात.

खेळ एकच. नाणं उजव्या हाताच्या बोटांच्या टोकांवर. डावा हात येतो, ते घेतो, मूठ मिटते. निदान तसं दिसतं. नाणं असतं उजव्या तळव्यातच, अंगठ्याखालचा उंचवटा आणि करंगळीखालची गादी यांच्या मध्ये अडकवलेलं. याला पाम म्हणतात. एवढं जमलं की तो हात सहज खाली सोडायचा, आपल्याला असा काही हात आहे हेच विसरायचं आणि सगळी नजर डाव्या मुठीवर लावायची. ‘जादूगार बघेल तिकडे लोक बघतात,’ हा सिद्धांत काका न विचारता समजावून सांगतात. मूठ वर जाते, फुंकर पडते, एकेक बोट उघडतं... रिकामं! आणि नेमके त्याच क्षणी काका उजव्या हाताकडे बघतात. नाणं आहे ना जागेवर, म्हणून. पोरं एका सुरात ओरडतात, ‘‘काका, दुसरा हात!’’ मोठ्यांना ओरडायचीही गरज पडत नाही. तो विसरलेला हात इतका आखडलेला असतो, की एका विहीणबाईंनी त्यावर संधिवाताचं तेल सुचवलं होतं.

काका खचत नाहीत. ते नेल्सन डाउन्सचा दाखला देतात. हा अमेरिकेत रेल्वेत तारबाबू. फावल्या वेळात नाणी खेळवायला शिकला आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘नाण्यांचा राजा’ म्हणून थेट लंडनचं थिएटर गाजवून आला. हवेतून एकेक नाणं काढून हॅटमध्ये टाकायचा. काकाही नोकरीतच शिकले, आवक-जावक रजिस्टरच्या आडोशाने. फरक एवढाच, की डाउन्सने नोकरी सोडली आणि काका पेन्शनीपर्यंत थांबले.

सरावात मात्र त्यांचा हात कुणी धरणार नाही. नाणं दिवसभर तळव्यात ठेवून चहा प्यायचा, छत्री धरायची, पेपर उलटायचा. एका शोकसभेत सगळे दोन मिनिटं स्तब्ध उभे असताना शहाबादी फरशीवर काहीतरी खणकन वाजलं आणि गोल गोल फिरत सावकाश आडवं झालं. सगळ्यांनी माना वळवल्या. काका हार घातलेल्या फोटोकडे इतक्या तल्लीनतेने बघत होते, की त्यांच्याबरोबर सगळ्यांच्या नजराही फोटोकडे गेल्या. सिद्धांत आयुष्यात एकदाच खरा ठरला, तोही कुणाला सांगण्यासारखा नाही.

आणि तरीही लग्नात काकांना भाव असतो, कारण आहेर. पाचशेची नोट पाकिटात जाते, पण वरचा एक रुपया कुणाकडेच नसतो. रुपया चिकटवलेली पाकिटं मिळतात खरी, पण काकांच्या घरच्या पाकिटांवर डिंकाचा नुसता गोल उरलेला असतो. मग सगळं कार्यालय काकांकडे धावतं. काकांच्या चारही खिशांत चिल्लर असते, पण ते रुपया असा सरळ देत नाहीत. आधी नाणं दाखवतात, दोन मुठी पुढे करतात आणि विचारतात, ‘‘सांगा, कुठल्या हातात?’’

इथे नवखी माणसं घोटाळा करतात. उजव्या हातावर बोट ठेवून मोकळी होतात. बरोबर उत्तर आलं की काका ‘थांबा, नीट बघा’ म्हणून खेळ पहिल्यापासून सुरू करतात आणि तोवर स्टेजवरची रांग दारापर्यंत येते. जाणकार मंडळी थोडा विचार केल्यासारखं करतात, डावी मूठ निवडतात, ती रिकामी निघाली की ‘‘अरेच्चा!’’ म्हणतात. मग काका त्यांच्या कानामागून रुपया काढून देतात. पाकीट एका मिनिटात चिकटवून होतं.

काकू तर दोन रुपये लागले की दोनदा ‘अरेच्चा’ म्हणतात.