तांडेलांची टाकी

रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात पैसे मोजून मासा घरी आणायचा आणि तो खायचा नाही, याला लोक उपास म्हणतात नाहीतर वेड. हे वेड बहुधा दर्यावरून निवृत्त झालेल्यांनाच लागतं. उमेदीत ज्यांनी टनावारी बांगडा उपसला आणि माशाला भावापलीकडे काही विचारलं नाही, ते साठीनंतर बोटभर गोल्डफिशचं पोट फुगलं म्हणून रात्र रात्र जागतात. आमच्या आळीतले तांडेल याच पंथातले. शिरगावात १९८१ पासून मत्स्य महाविद्यालय आहे. तिथला एखादा विद्यार्थी बंदरावर दिसला की तांडेल त्याला चहा पाजतात आणि पाण्याच्या पीएचवर त्याची तोंडी परीक्षा घेतात. पोरगं चहा अर्धा टाकून पळतं.

यंदा पुतणीनं त्यांना मोठी काचेची टाकी फुकट दिली. फुकट का, ते झाकण काढताच कळलं. तिच्या गच्चीत त्या टाकीत काळ्या फिनाईलची बाटली ठेवलेली होती, आणि ती गळली होती.

दिवस मासेमारी बंदीचे, १ जून ते ३१ जुलै. बोटी ओढलेल्या, हाताला काम नाही, त्यामुळे टाकीभोवती अर्धी आळी जमली. एकजण म्हणाला, कपड्याची पावडर मारा. तांडेल म्हणाले, "साबण मागं राहतो, माशाच्या कल्ल्यांना सोसत नाय." दुसऱ्यानं संडासाचं ॲसिड आणलं, तिसऱ्यानं ब्लीचिंग. चौथा हुशार, तो म्हणाला दोन्ही एकदम ओता. तांडेल ताडकन उठले. "क्लोरिन सुटेल मेल्या! बर्फाच्या फॅक्टरीत अमोनिया गळला की पळता ना? हा त्याचा थोरला भाऊ. मासे राहूदेत, आधी आपली तिरडी बांधायला लागेल."

मग जाडं मीठ, नवा कोरा स्पंज आणि पाणी. रोज टाकी भरायची, रोज ओतायची. या धुण्यापेक्षा बघण्यासारखं होतं ते नाक. लिलावात तांडेल अंगठ्यानं सुरमईचा कल्ला उचलत, आतला लाल रंग बघत, एकदाच हुंगत आणि सांगत, "कालचा माल." समोरचा व्यापारी वाद घालत नसे. आता तोच अंगठा टाकीच्या कोपऱ्यात सिलिकॉनच्या सांध्यावर दाबून ते डोळे मिटून हुंगत होते. काच निर्मळ झाली होती, पण सांध्यानं फिनाईल पिऊन ठेवलं होतं. "कालचाच माल," ते म्हणाले आणि त्यांनी ब्लेड मागवलं.

जुनं सिलिकॉन शेवटच्या कणापर्यंत खरवडलं, कारण नवं सिलिकॉन जुन्यावर धरत नाही. पाच काचा भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. काकींनी त्यांच्यावर दोरी बांधून टॉवेल वाळत घालायचं तेवढं बाकी ठेवलं. हार्डवेअरवाला बाथरूमचं, बुरशी न धरणारं सिलिकॉन गळ्यात मारत होता. तांडेलांनी ट्यूब परत सरकवली. "बुरशीला मारतं ते माशाला काय ओवाळणार?" शेवटी साधं, मत्स्यटाकीला चालणारं मिळालं. ते सुकताना घरभर व्हिनेगरचा वास. चायनीजची गाडी लावलीत का, असं शेजारणीनं विचारून घेतलं. सिलिकॉन हवेतल्या ओलाव्यावर पक्कं होतं, आणि जुलैत रत्नागिरीत ओलाव्याला काय तोटा! आळीत कुणाचा लेंगा वाळत नव्हता, तांडेलांची टाकी तेवढी झकास वाळली.

टाकी भरली, गळली नाही. आता मासे सोडा, काकी म्हणाल्या. तांडेल ऐकेनात. पुतणीच्या चुकीची परीक्षा माशानं का द्यायची? टाकी उघडी ठेवून ते ओटीवर पहारा देत बसले. आठवडा उलटला आणि आशाताई डेंग्यूच्या तपासणीला आल्या. टाकीत बॅटरी मारून त्या ओरडल्या, "काका, अळ्या! किती वळवळतायत बघा!"

तांडेलांचा चेहरा उजळला. "जिवंत आहेत ना? नीट बघा. फिनाईल असतं तर एक तरी वाचली असती का?"

"पाणी ओता आधी," म्हणत आशाताईंनी वही उघडली आणि लिहिलं : भांडं एक, अळ्या आढळल्या.

तांडेल वहीत डोकावले. "ताई, पुढं 'ठणठणीत' असं लिहा ना."