शेरेकाका

आमच्या वाचनालयातल्या पुस्तकांचे दोनच प्रकार आहेत: शेरेकाकांनी वाचलेली आणि अजून बाइंडिंगवाल्याकडून न आलेली.

त्यांचं खरं नाव मला आजही ठाऊक नाही. आधी ओळख झाली ती अक्षराशी. बारीक, उजवीकडे कललेलं, टोक काढून काढून बोटभर उरलेल्या पेन्सिलीचं अक्षर. मेंबर झालो त्या आठवड्यात मी 'कोसला' घरी नेलं. थोडी पानं गेल्यावर समासात आकडे दिसायला लागले. वाटलं, कुणीतरी वाण्याचा हिशेब केलाय. पण नाही. पांडुरंग सांगवीकर पुण्यात राहून वडलांचे पैसे कसे उडवतो, त्याची बेरीज चालली होती. पान संपलं की 'पुढे नेले', नवीन पानावर 'मागून आणले'. शेवटी खाली दुहेरी रेघ आणि शेरा: 'एवढ्यात एका मुलीचं लग्न झालं असतं.' १९६३ साली आलेल्या या कादंबरीवर तेव्हापासून समीक्षकांनी रिमच्या रिमं खर्ची घातलीत. ताळेबंद मात्र कुणी मांडला नव्हता.

पुढे 'स्वामी' नेलं. थेऊरला माधवराव जातात त्या पानाशी कुण्या भगिनीनं निळ्या शाईत लिहिलं होतं, 'खूप रडले.' त्याखाली पेन्सिलीत: 'क्षयावर तेव्हा औषध नव्हतं. स्ट्रेप्टोमायसिन १९४३.' त्याखाली पुन्हा निळी शाई: 'दगड आहात!' आणि त्याखाली, अगदी शांतपणे: 'माहिती दिली.' पेशवे गेल्याचं दुःख बाजूला ठेवून मी पुढची दोन पानं उलटून पाहिली. भांडण तिथंच मिटलेलं दिसलं. मेंबरशिप संपली असावी बाईंची.

रहस्यकथेच्या पहिल्याच पानावर खुन्याचं नाव लिहून ठेवणारी जमात वेगळी. ती खुनशी. शेरेकाका त्यातले नव्हेत. कादंबरीतल्या ओळींखाली रेघा ओढणाऱ्या, 'किती खरं!' असं लिहिणाऱ्या कॉलेजकुमारांतलेही ते नव्हेत. त्यांना आवडलं-नावडलं सांगायचंच नसतं. पुस्तक तपासून द्यायचं असतं. 'ययाति'त एके ठिकाणी फक्त 'वय?' एवढंच. 'मृत्युंजय'मध्ये कर्णाच्या दुःखाशेजारी 'अर्जुनाची बाजूही ऐकून घ्यावी.' मुद्रणदोष तर एकही सुटायचा नाही. काउंटरमागे पाटी आहे, 'पुस्तकांवर लिहु नये'. तिच्यातला 'हु' पेन्सिलीनं दीर्घ केलेला आहे.

ग्रंथपाल ताईंकडे मी एकदा तक्रार केली. त्या म्हणाल्या, "अहो, पेन्सिलीचं आहे, खोडता येतं. मी खोडतेसुद्धा. पण मेंबर येऊन विचारतात, ताई, शेरेवाली प्रत आहे का?"

खरा घोटाळा बाइंडिंगवाला करतो. पुस्तक खिळखिळं झालं की ते त्याच्याकडे जातं आणि तो कडा सारख्या करताना समास कापतो. मग शेरा उरतो तो असा: 'लेखकाला इथे बहुधा म्हणाय'. काय म्हणायचं होतं लेखकाला? कादंबरीचा शेवट कळला नाही तरी चालेल, पण ही अर्धी वाक्यं झोप उडवतात.

दिवाळी अंकांच्या दिवसांत काका विशेष फॉर्मात असतात. अंकांची वर्गणी वेगळी भरून लोक रांगेत 'आवाज' मागत असतात. तो हातात येईपर्यंत त्याच्या खिडकीचित्रांच्या खिडक्यांना कड्या उरलेल्या नसतात, सताड उघड्या. काका त्या रांगेत नसतात. ते गेल्या वर्षीचे अंक मागतात. वार्षिक राशिभविष्य पडताळायला! कर्क राशीला 'परदेशगमनाचा योग' होता, शेजारी नोंद: 'बदलापूर, एकदा.' 'अचानक धनलाभ': 'जुन्या कोटात वीस रुपये. मान्य.' 'वरिष्ठांची मर्जी राहील': 'निवृत्त आहे. लागू नाही.'

एवढं सगळं वाचल्यावर माझ्या डोळ्यांसमोर उंच, किडकिडीत, जाड भिंगांचा, कपाळाला आठ्या घातलेला माणूस उभा राहिला होता. प्रत्यक्षात शनिवारी संध्याकाळी काउंटरपाशी दिसले ते गोलमटोल, हसरे, खांद्याला कापडी पिशवी, बुशशर्टाच्या खिशातून पेन्सिलीचं टोक बाहेर आलेलं. जन्मभर दुसऱ्यांच्या हिशेबाच्या वह्या तपासण्याची नोकरी केलेली. वह्या संपल्या, सवय राहिली.

"ताई, काहीतरी वैचारिक द्या," ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. ताईंनी तर्कतीर्थांचं एक जाडजूड पुस्तक दिलं. मग काका काउंटरवर ओणवले, आवाज पार खाली आला. "आणि ते... दुसरं. घरच्यांसाठी."

ताईंनी खणातून आधीच काढून ठेवलेलं पुस्तक उपडं करून पुढे सरकवलं. ते तर्कतीर्थांच्या खाली गेलं, दोन्ही पिशवीत गेली, काका गेले.

"काय होतं ते दुसरं?" मी विचारलं.

"नारायण धारप," ताई म्हणाल्या. "मागच्या वेळी अर्नाळकरांचा झुंजार होता. त्याच्या आधी शिरवळकर."

"काकूंना आवडतात वाटतं?"

"काकू स्वतःच्या कार्डावर ज्ञानेश्वरीवरची पुस्तकं नेतात. भुताचं पुस्तक घरात आणलं तर जेवायला वाढणार नाही म्हणतात."

मग मला नादच लागला. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. त्यांतल्या आमच्या वाचनालयात वाळवीनं शिल्लक ठेवलेल्या पाहिल्या. काळापहाड पाहिला, धारपांच्या समर्थकथा पाहिल्या. समास कोरे! एक आकडा नाही, एक 'वय?' नाही. ऱ्हस्व-दीर्घाच्या ढळढळीत चुका तशाच सोडलेल्या. तर्कतीर्थांच्या पानापानावर प्रश्नचिन्हं, आणि इथे माणूस बंद खोलीतून आरपार निघून जातो तरी 'कसा?' असं विचारलेलं नाही. त्याऐवजी चहाच्या कपाचं वर्तुळ. शेवेचं तेल लागलेल्या अंगठ्याचा ठसठशीत ठसा, तो मात्र प्रत्येक पानाच्या खालच्या कोपऱ्यात, पान घाईनं उलटल्यासारखं. मधेच शेंगदाण्याचं लालसर साल. पुस्तकाच्या पाठीमागच्या चिठ्ठीवर परतीच्या तारखांचे शिक्के असतात, त्यांत तेच पुस्तक तीन वेळा एका रात्रीत परत आलेलं.

त्या धारपांच्या पुस्तकाची पाळी माझ्याकडे आली तेव्हा पावसाळा होता. घरी मी एकटा. रात्री साडेअकराला सुरुवात केली. जुना वाडा, बंद माडी, कंदील, सगळं यथासांग. समास स्वच्छ, तेलाचे अंगठे जागच्या जागी. आणि माडीचा दरवाजा आपोआप उघडतो त्या पानावर, कित्येक पानांत पहिल्यांदाच, ते ओळखीचं बारीक अक्षर दिसलं. जरा थरथरलेलं.

'हे पान रात्री वाचू नये.'

त्याच्याखाली, बहुधा दुसऱ्या वाचनाच्या वेळचं: 'वाचलं. २.१० वाजता.'

मी पुस्तक मिटलं, बोळातला दिवा लावला, स्वयंपाकघरातला लावला, उगीचच रेडिओही लावला. सकाळी ऊन आल्यावर ते पान पुन्हा उघडलं, मुलाच्या कंपासपेटीतली पेन्सिल शोधली आणि काकांच्या ओळीखाली लिहिलं, 'बरोबर आहे.'