बटण सांगलीत, बॅट मुंबईत

हातात मावणारं नवं गेमिंग यंत्र आलंय. त्यात गेम नसतो. पडदा असतो, बटणं असतात, बॅटरी असते. गेम चालतो मुंबईतल्या सर्व्हरवर आणि आपल्याकडे येतं ते नुसतं चित्र. म्हणजे जेवण मुंबईत, ढेकर सांगलीत. याला स्ट्रीमिंग म्हणतात. दुकानदाराचं म्हणणं, ‘काका, सातारा काय न् सांगली काय, कुठंबी चालतंय!’

चालत असेल. पण त्या बटणाचं काय?

क्रिकेटचा गेम घ्या. सांगलीच्या विश्रामबागेत पोरगं अंगठ्यानं बटण दाबतं. तो हुकूम राउटरमधून निघतो, खांबाखांबावर लोंबणाऱ्या वायरीतून वाट काढत मुंबईला पोचतो, तिथं बॅट फिरते आणि फिरलेल्या बॅटचं चित्र गाठोडं बांधून परत सांगलीला धाडलं जातं. प्रकाशाला काचेच्या तारेतून मुंबई गाठायला जेमतेम दोन मिलिसेकंद लागतात, तेव्हा अंतराला दोष देऊ नका. वेळ खातात त्या वाटेतल्या पेट्या, चित्राची बांधाबांध आणि घरातलं वायफाय. समजा सगळे मिळून १५० मिलिसेकंद गेले. या उशिराला लॅग म्हणतात. ताशी १४० किलोमीटरचा चेंडू तेवढ्यात पावणेसहा मीटर पुढं सरकलेला असतो. पडद्यावर बॅट फिरते तेव्हा यष्टिरक्षक हातमोजे झटकत असतो. मग पोरगं बटण आणखी जोरात दाबतं. जोरात दाबलं की लवकर पोचतं ही आपली श्रद्धाच आहे, लिफ्टपासून रिमोटपर्यंत. तरी जमत नाही म्हटल्यावर ते चेंडू सुटायच्या आधीच बटण दाबायला शिकतं. गोलंदाजाच्या मनातलं गोलंदाजाच्या आधी ओळखणारी पिढी आपल्या जिल्ह्यात तयार होतेय. पत्रिका बघणाऱ्यांनी दुकानं आवरावीत. आणि एखाद्या दिवशी चुकून लाइन चांगली लागलीच, तर बॅट वेळेआधी फिरते आणि पोराचा त्रिफळा उडतो.

मोबाइलच्या डेटावर खेळू म्हणता? बऱ्यापैकी चित्राला सेकंदाला १५ मेगाबिट धरा. दिवसाला दीड जीबीचं रिचार्ज १३ मिनिटांत खलास. नाणेफेक, खेळपट्टीची पाहणी, दोन-तीन षटकं, संपलं. पुढं रात्री बारापर्यंत अभ्यास. आईबापांना एवढी एकच जमेची बाजू.

फायबर घ्या, असा सल्ला मिळतो. घेतलं. पण फायबर खांबावरून उतरलं की जमिनीखालून जातं, आणि जमीन खणण्यावाचून आमच्याकडे कुणाला चैन पडत नाही! गटारासाठी खणतात, बुजवतात, डांबर टाकतात, डांबर वाळायच्या आत पाण्याच्या पाइपसाठी पुन्हा खणतात, आणि दर खेपेला जेसीबीचा दात नेमका फायबरलाच लागतो. फोन केला की उत्तर एकच, ‘वरनंच प्रॉब्लेम आहे.’ वरनं म्हणजे कुठनं? केबल तर खाली आहे! आणि उशिराचंच म्हणाल, तर पुणे–सातारा रस्त्याचं सहापदरीकरण २०१० साली सुरू झालं, ते २०१३ला संपायचं होतं. त्या रस्त्यानं वर्षानुवर्षं धूळ खात गेलेल्या माणसाला लॅग म्हणजे काय हे कुठल्या यंत्रानं शिकवायचं? टोल तेवढा बिनचूक वेळेत कापला जातो.

राहिली वीज. सातारा जिल्ह्यात १९६० मेगावॅटचं कोयना, वर चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या. आणि वळवाचे चार थेंब पडले की लाइट गुल. यंत्राची बॅटरी फुल्ल, राउटर मेलेला, पडद्यावर चकली फिरतेय.

तेव्हा घ्यायचंच असेल तर पोटात गेम असलेलं यंत्र घ्या. स्ट्रीमिंगवालंच हवं असा पोराचा हट्ट असेल, तर पैसे मोजण्याआधी दुकानदाराला त्याच्याच मोबाइलच्या हॉटस्पॉटवर एक षटक खेळून दाखवायला सांगा. संध्याकाळी सातनंतर.