साप्ताहिक गृहस्थ

टिळकांचा जन्म १८५६ साली रत्नागिरीत झाला, पण ‘केसरी’ निघाला तो १८८१ साली पुण्यात. आणि साप्ताहिकाचे सारे श्रेय पुण्याने नेल्याची जी खंत काही रत्नागिरीकरांच्या मनात घर करून राहिली असेल, तिची भरपाई अलीकडे आमच्या शहरात ओटीओटीवर होऊ लागली आहे. या नव्या साप्ताहिकाचा कागद म्हणजे भिंतीवर टांगलेला पांढरा, गुळगुळीत फळा. त्याचा संपादक, मुद्रक, प्रकाशक आणि बहुतांशी एकमेव वाचक एकच सद्‌गृहस्थ असतो. अंक दर रविवारी सायंकाळी सिद्ध होतो आणि पुढल्या रविवारी दुपारी त्याच हाताने पुसला जातो, त्यामुळे मागील अंकाशी विसंगती दाखवून देण्याची सोय कोणाही टीकाकाराला उरत नाही. वर्गणीदार नसल्याने हे पत्र बंद पडण्याचेही भय नाही.

हा साप्ताहिक गृहस्थ बहुधा सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला असतो. उभी हयात त्याने इतरांनी घातलेल्या मुदतींत इतरांची प्रकरणे निकालात काढलेली असतात (किंवा काढलेली नसतात, दफ्तराच्या दृष्टीने दोहोंत फारसा भेद नसतो), आणि निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन झाल्यावर त्याच्या ध्यानात येते की, आता आपल्यापुढे सात वारांची अख्खी जहागीर पसरलेली असून तिच्यावर हुकूम सोडण्यास वरिष्ठ नाही आणि सोडलेला हुकूम बजावण्यास शिपाईही नाही. अशा अवस्थेत कोणी अध्यात्माकडे वळतो, कोणी भाऊबंदांवर दावा लावतो; आमचा गृहस्थ फळ्याकडे वळतो. फळा धाडतो तो हिंजवडीस नोकरीला असलेला मुलगा अथवा जावई. आठवड्याचे नियोजन ‘सर्जनशील’ रीतीने कसे करावे याचे एक व्याख्यानही तो मोबाइलवर पाठवतो. फळ्याची किंमत मात्र कळवत नाही.

फळा टांगणे हेच पहिल्या आठवड्याचे कार्य होऊन बसते. जांभ्याच्या चिऱ्यांची जुनी भिंत ज्या सौजन्याने खिळा आत घेते, त्याच सौजन्याने तो बाहेरही सोडते. आणि ड्रिल घेऊन येणारा कारागीर ‘सकाळी येतो’ असे सांगून गेलेला असला, तरी कोणत्या सकाळी, याचा खुलासा त्याने केलेला नसतो. अखेरीस तीर्थरूपांची तसबीर माजघरात रवाना होते आणि तिच्या जागी, तिच्याच खुंटीवर, फळा रुजू होतो.

रविवारच्या वामकुक्षीनंतर जे लेखन चालते ते मात्र पाहण्यासारखे असते. प्रथम पट्टी लावून सात चौकोन. मग रंगांची वाटणी: निळा सार्वजनिक कार्यास, हिरवा बागेस, काळा घरगुती बाबींस आणि तांबडा तातडीच्या कामांस. हा शिरस्ता एकदा ठरला की तो मोडण्याची कोणाची प्राज्ञा नाही. तांबडे मार्कर सुकले, तर त्या आठवड्यात तातडीचे काही निघत नाही. सोमवारी बेलाचे पान, गुरुवारी पादुका आणि ‘कलमांना खत’ या ओळीपुढे देठापानासह एक हापूस अशी चित्रेही काढली जातात, आणि त्या हापूसच्या देठाजवळची छाया उतरवण्यात जितका वेळ जातो, तितक्यात दोन कलमांना खत घालून, हातपाय धुऊन, माणूस झोपाळ्यावर येऊन बसला असता. पण खत घालणे हे श्रमाचे काम. नियोजन ही कला. या कलेच्या आनंदात व्यत्यय येतो तो एकाच गोष्टीने, ती म्हणजे सोमवार उजाडणे.

वारांचे हे वेड आपल्याकडे फार प्राचीन आहे, असेही नाही. तिथी आणि नक्षत्रे यांवर कित्येक शतके काम भागवल्यानंतर आपल्या देशाच्या शिलालेखांत वार प्रथम दिसतो तो मध्य प्रदेशातील एरण येथे, सम्राट बुधगुप्ताच्या काळातल्या स्तंभावर: गुप्त संवत १६५, म्हणजे इसवी सन ४८४, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार. विष्णूचा ध्वजस्तंभ उभारला गेला आणि त्यावर वार कोरला गेला. त्या लोकांनी काम केले आणि मग वार लिहिला. आमचा गृहस्थ वार आधी लिहितो. एवढ्या एका फरकामुळे त्यांना दगड परवडला आणि याला फडके लागते.

मुलाने सुचवलेली सुधारणा म्हणजे रंगीत चिठ्ठ्या. गेल्या शतकाच्या मध्यास जपानात टोयोटाच्या मोटारींच्या कारखान्यात चिठ्ठ्यांची एक पद्धत रूढ झाली, तीच पुढे संगणकवाल्यांनी उचलली. फळ्यावर ‘करावयाचे’, ‘चालू’ आणि ‘झाले’ असे तीन स्तंभ आखावेत आणि चिठ्ठी एका स्तंभातून दुसऱ्यात सरकवत न्यावी, असा तिचा मथितार्थ. तथापि ज्या कारखान्यात ही पद्धत जन्मली, तेथे दुपारी दोनला समुद्रावरून ओटीवर येणारा खारा वारा नसावा. एका घरी त्या वाऱ्याने उचललेली पिवळी चिठ्ठी कुंपण ओलांडून शेजारच्या पडवीत पडली. तिच्यावर ‘शेजारी, फणसाची फांदी, एकदाचे स्पष्ट बोलणे’ असा मजकूर सुवाच्य अक्षरात होता. शेजाऱ्यांनी तो वाचला, स्वतःच येऊन सुमारे अर्धा तास स्पष्ट बोलले, आणि जाताना ती चिठ्ठी ‘झाले’ या स्तंभाखाली आपल्या हाताने चिकटवून गेले.

खुद्द रत्नागिरीचा आठवडा चालतो तो निराळ्याच सत्तांच्या अमलाखाली. बुधवारच्या जेवणात काय, याचा निर्णय मिरकरवाड्यास लागलेल्या होड्यांच्या टोपल्यांत होतो, ‘बुधवार: सुरमई’ या काळ्या ओळीत नव्हे, आणि १ जून ते ३१ जुलै या, यांत्रिक नौकांच्या मासेमारीबंदीच्या काळात तर फळ्यावरची सुरमई हीच काय ती ताजी. फवारणीचा दिवस गड्याच्या मर्जीवर, आंबा उतरवण्याचा दिवस आभाळाच्या मर्जीवर आणि दिवाणी दाव्याची तारीख कोणाच्याच मर्जीवर नाही. या सर्वांत गृहस्थाला खरा आदर वाटतो तो कोकण रेल्वेचा. १९९८ साली संपूर्ण मार्ग खुला झालेल्या या रेल्वेने पावसाळ्यासाठी गाड्यांचा वेग उतरवून निराळे वेळापत्रक ठेवले आहे, हे कळल्यापासून त्यानेही मृग नक्षत्र लागताच आपले पावसाळी वेळापत्रक अमलात आणले. त्यात झोपेतून उठण्यासह सर्व बाबी एक तास उशिरा धावतात. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा १८८६ पासून १९१६ मध्ये देह ठेवीपर्यंत याच शहरात नजरकैदेत होता आणि त्याच्याजवळ आठवड्यांखेरीज दुसरे फारसे काही उरले नव्हते. तरी त्याने फळा टांगल्याचे ऐकिवात नाही. राजे लोक अशा बाबतीत फार लवकर धीर सोडतात.

घरातली माणसे जे नियोजन पाळतात, ते फळ्याशेजारच्या ‘कालनिर्णय’वर असते. १९७३ पासून निघणाऱ्या या दिनदर्शिकेच्या चौकोनात गृहिणीने पेन्सिलीने ‘दूध नाही’, ‘सिलिंडर लावला’, ‘भिशी’ एवढेच लिहिलेले असते, रंग नाही की चित्र नाही. पण महिनाअखेरीस दूधवाल्याचा हिशेब पैशापैशाने जुळतो. फळ्याला तिचा विरोध मात्र कधीच नसतो. “हे रविवारी तिथे उभे असतात तेवढा वेळ स्वयंपाकघरात येत नाहीत,” असे तिने शेजारणीला सांगितल्याचे कळते, आणि आजवर फळ्याच्या उपयुक्ततेविषयी इतके निःसंदिग्ध प्रशस्तिपत्र दुसऱ्या कोणी दिलेले नाही.

क्वचित दैवही फिरते. नातवाच्या दप्तरातले मार्कर चुकून हाती आले आणि त्याची शाई न पुसली जाणारी निघाली, त्यामुळे ‘मंगळवार: दाढ काढणे’ ही ओळ पुढील कित्येक अंकांत कायम राहिली, येणारा जाणारा दाढेची विचारपूस करू लागला, आणि दाढ एव्हाना निघाली असून शाई तेवढी राहिली आहे, हे प्रत्येकास समजावून सांगावे लागले. त्या ओळीवर पुसल्या जाणाऱ्या शाईने पुन्हा गिरवले असता दोन्ही एकत्र निघतात, ही युक्ती सुनेने दाखवली. परंतु घरात या विषयाचा एक जाणकार असताना सुनेने परस्पर तोडगा काढावा, हे गृहस्थास रुचले नाही.

शनिवारी ताळेबंद. लिहिले ते झाले नाही, ही वस्तुस्थिती समोर असता एखादा नवशिका खचला असता. पण ज्याने कचेरीत मार्चअखेर पाहिलेली आहे, तो खचत नाही. लिहिले ते झाले नसेल, तर झाले ते लिहावे. मग ‘अनपेक्षित पाहुण्यांचे स्वागत’, ‘वीज नसल्याने विश्रांती’, ‘पावसाचे निरीक्षण’ अशा ओळी मागाहून दाखल होतात, प्रत्येकीपुढे हिरवी खूण पडते, आणि आठवडा शेकडा शंभर पूर्ण होऊन बंद होतो.

फळ्याची कीर्ती आळीत पसरल्यावर उत्सवाचे कार्यकर्ते एका गुरुवारी ओटीवर आले. ज्यांचा आठवडा असा आखीव, त्यांनी यंदा कार्यवाहपद स्वीकारावे, अशी त्यांची विनंती होती. गृहस्थाने ती लक्षपूर्वक ऐकून घेतली, फळ्याकडे एक दीर्घ दृष्टिक्षेप टाकला आणि खऱ्याखुऱ्या विषादाने सांगितले, “मंडळी, इच्छा फार आहे हो, पण पाहताय ना, कुठे जागा आहे?” चहा झाला. कार्यकर्ते फाटकापर्यंत पोचतात न पोचतात, तोच गुरुवारच्या चौकोनात, पादुकांना किंचित बाजूला सारून, ‘सार्वजनिक कार्य: कार्यकर्त्यांशी विचारविनिमय’ ही निळी ओळ चढली आणि तिच्यापुढे खूणही झाली.