माहेर शिवडी, मुक्काम शेवा

न्हावा-शेव्यात आधी कागद येतो, मग माल. मी इथे क्लिअरिंगच्या धंद्यात आहे. इटलीची फरशी, कॅलिफोर्नियाचे बदाम, चीनची खेळणी हे सगळं मी फक्त बिल ऑफ एन्ट्रीवर पाहिलेलं आहे. माल प्रत्यक्ष बघायची पाळी आली की समजायचं, कुठेतरी बिनसलंय. अशा माणसाच्या अंगणात सध्या एक गाडी उभी आहे, जिचा या जगात एकही कागद नाही.

गाडी दुसऱ्या महायुद्धातली. शेवरलेटचा लष्करी ट्रक, पंधरा हंड्रेडवेटचा, म्हणजे साधारण पाऊण टन माल वाहणारा. उरणच्या रस्त्यावर एका भंगारवाल्याकडे ती पडली होती आणि बॉनेटमधून घाणेरी फुलली होती. भंगारवाल्याने भाव सांगितला तो किलोवर. इतिहासाचे वेगळे पैसे नाहीत हे ऐकून मी भारावून गेलो. घरी आल्यावर बायको म्हणाली, "किलोवरच घ्यायची होती, तर अर्धा किलो आणायची."

तिला मी इतिहास सांगितला. युद्धाच्या काळात कॅनडाने आठ लाखांहून जास्त लष्करी गाड्या बनवल्या. ही त्यांतली एक. नाक असं नकटं का? तर जहाजात जागा कमी लागावी म्हणून. पुढची काच वरून पुढे झुकलेली आणि खालून आत गेलेली का? तर उन्हात ती चमकून वरच्या विमानाला दिसू नये म्हणून. अशा गाड्या सुट्ट्या करून, खोक्यांत भरून मुंबईला यायच्या आणि जनरल मोटर्सच्या शिवडीच्या कारखान्यात जोडल्या जायच्या. तो कारखाना १९२८ सालचा. कंटेनरचं जहाज पहिल्यांदा समुद्रात निघालं १९५६ साली. म्हणजे ही गाडी आमच्या धंद्याच्याही आधीची आयात! बायकोने सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "आणि आता वाळत घातलेले कपडे कुठे घालायचे?"

मेस्त्री जासईचे. त्यांचं आयुष्य ट्रेलरांखाली गेलंय. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, चेसिसवर पाना वाजवून पाहिला आणि म्हणाले, "दादूस, गारी भंगारान नाय, भंगार गारीन हाय." खाऱ्या वाऱ्याने पत्र्याची जाळी केली होती. खाली पाटे मात्र शाबूत होते. चाकाची रिम दोन फाकांची, बोल्टांनी जोडलेली. हवा न सोडता ते बोल्ट उघडले तर चाकाआधी मेस्त्री जातो. हे त्यांना सांगायला मी धावत गेलो, तर ते लांब उभे होते आणि पाना पोऱ्याच्या हातात होता. पोऱ्याला मी आधी चहा आणायला पिटाळला.

मूळ इंजिन कधीच गेलेलं. कुणा व्यवहारी मालकाने पेट्रोल परवडेना म्हणून पर्किन्सचं डिझेल बसवलं होतं. मला हवं होतं अस्सल सहा सिलिंडरचं, साडेतीन लिटरचं, पंच्याऐंशी अश्वशक्तीचं. ते अलिबागेकडच्या एका वाडीत सापडलं. विहिरीचा पंप ओढून ते निवृत्त झालं होतं. मेस्त्रींना हा सौदाच पटेना. चालतं डिझेल काढून बंद पेट्रोल बसवणारं गिऱ्हाईक त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

मग कागद. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ साली खास नियम झाले. ‘व्हीए’ अक्षरांची पाटी मिळते, फी वीस हजार. मी फाइल तयार केली. फाइल तयार करणं हीच माझी विद्या. पण नियमात बसतात त्या दुचाक्या आणि माणसं नेणाऱ्या चारचाक्या. मालवाहू गाडीचं नाव नाही. वय मोजायचं तेही पहिल्या नोंदणीपासून, आणि सैन्यातली गाडी १९४३ साली कुठल्या खिडकीपुढे रांगेत उभी राहिली असणार? शिवाय गाडी मूळ रूपात हवी. मूळ रूप म्हणजे लष्करी हिरवा, आणि सैन्याबाहेरच्या कुणीही गाडीला ऑलिव्ह ग्रीन रंग द्यायचा नाही, हा मोटार वाहन नियमांतला जुना दंडक. म्हणजे अस्सल ठेवली तर गुन्हा आणि रंग बदलला तर नकली! पेंटरने शेडकार्ड उघडलं. मेंदी, कढीपत्ता, कच्ची कैरी अशी बोटं फिरत फिरत शेवटी शेवाळीवर थांबली. जो कुणी अधिकारी विचारेल त्याला हा रंग ऑलिव्ह ग्रीन नाही हे पटवायचं आणि जो हौशी विचारेल त्याला आहे हे. दोन्ही उत्तरं मी पाठ केली आहेत.

गाडी सुरू झाली तेव्हा अख्खी आळी जमली. मला वाटलं, हिला एकदा माहेरी न्यावं. शिवडी समोरच आहे. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतूचं उद्घाटनही झालंय, २१.८ किलोमीटर, सरळ. पण सेतूवर दुचाकी, रिक्षा, ट्रॅक्टर आणि संथ वाहनांना मनाई. मेस्त्री म्हणाले, "उताराला ती संथ नाय." हा मुद्दा मी कुठल्याच अर्जात घालू शकलो नाही. शिवाय माहेरचे लोक १९५४ सालीच गाशा गुंडाळून गेलेले.

तर सध्या ती अंगणातच असते. रोज संध्याकाळी मी इंजिन सुरू करतो, लिटरभर पेट्रोल धुरात घालवतो, बायको कपडे आत घेते. परवा शेजारच्या पाड्यातली पोरं आली. हळदीला नवऱ्याला हिच्यातूनच फिरवायचं, असं त्यांचं ठरलेलं. मी त्यांना नियम सांगितले, नोंदणी सांगितली, सहा व्होल्टची बॅटरी सांगितली.

"पन माल किती घेतंय?" एकाने विचारलं.

"पाऊण टन."

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. "डीजे नाय बसनार," तो म्हणाला, "बेंजो लावू."