बीवाले काका

लग्नात आहेराचं पाकीट देणारे पुष्कळ असतात. बीवाले काका पुडी देतात. वर्तमानपत्राच्या चौकोनी तुकड्याची, चारी बाजूंनी पक्की दुमडलेली. वर निळ्या शाईत लिहिलेलं असतं, ‘गुलबक्षी. पिवळी, गुलाबी शिंतोडे. रात्रभर भिजवणे. अनेक शुभाशीर्वाद.’ स्टेजवर नवरा मुलगा पुडी कानाशी नेऊन हलवतो, आत काहीतरी खुळखुळतं. मागे रांग तुंबलेली असते, फोटोग्राफर ‘काका, इकडे बघा’ म्हणून ओरडत असतो, आणि काका नव्या नवरीला सांगत असतात, ‘मृगाचा पाऊस पडला की लावा. उगवलं की फोन करा. नाही उगवलं तरी करा.’

असे काका प्रत्येक सोसायटीत एक तरी असतात. आमचे पुण्याचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. नोकरीभर क्युसेकमध्ये पाणी मोजलं, आता ड्रॉपरने थेंब मोजतात. शर्टाच्या खिशात भिंग, चिमटा आणि रिकाम्या पुड्या. भरलेल्या पुड्या पँटच्या खिशात. त्यामुळे कपडे धुवायला टाकण्यापूर्वी काकू खिशांची जी झडती घेतात, ती पैशांसाठी नसते.

काकांना सगळी फुलं चालत नाहीत. झेंडू, शेवंती, डेलिया यांना ते ‘सार्वजनिक फुलं’ म्हणतात. कुणीही यावं, पसरट बसावं, खाऊन जावं. त्यांचा जीव कर्ण्याच्या फुलांवर. लांब नळी, रुंद तोंड आणि दिवेलागणीनंतर सुटणारा वास. गुलबक्षी, पांढरा पेटुनिया, तंबाखूच्या कुळातला शोभेचा निकोशियाना, धोतरा, आणि सगळ्यांवर कडी म्हणजे ब्रुग्मॅन्शिया. त्याची वीतभर लांबीची फुलं झाडावरून तोंड खाली करून लोंबतात. यांतली बरीचशी फुलं संध्याकाळी घमघमतात, कारण त्यांचं गिऱ्हाईक रात्रपाळीचं. लांब सोंडेचे हॉकमॉथ पतंग अंधारात येतात, फुलासमोर हवेतल्या हवेत तरंगतात आणि नळीच्या तळाचा मध ओढून जातात. ते बघायला काका गच्चीवरचा दिवा मालवून पाण्याच्या टाकीमागे दबा धरून बसतात. वॉचमन बदलला की त्याला आधी ही माहिती द्यावी लागते.

२०२४ च्या निवडणुकीच्या आधी काकांनी सोसायटीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर टाकलं, ‘यंदा आपल्या गच्चीवर तुतारी फुलणार!’ दहा मिनिटांत सेक्रेटरींचा निरोप आला, ‘ग्रुपवर राजकीय पोस्ट टाकू नयेत.’ तोवर दोघांनी काकांना पाठिंबा जाहीर केला होता आणि एकजण ग्रुप सोडून गेला होता. काकांनी खुलासा म्हणून कळीचा फोटो टाकला. त्यावरही ‘वेळ अजून गेलेली नाही’ असं कुणीतरी लिहिलंच.

नवशिक्याला काका पहिली दीक्षा गुलबक्षीची देतात. बी मिऱ्याएवढं, काळं, सुरकुतलेलं. बोटात धरता येतं, मातीत बोटभर खोचलं की उगवतं, दुपारी चारच्या सुमाराला फुलतं, आणि एकदा लावलं की दरवर्षी आपलं आपण येतं. ‘गुलबक्षीही ज्याला येत नाही त्याने क्रिकेट बघावं,’ असं त्यांचं मत. पण गुलबक्षी सोपी म्हणून काका तिला हलकी मानत नाहीत. कार्ल कोरेन्स या जर्मन शास्त्रज्ञाने आनुवंशिकतेचे प्रयोग तिच्यावर केले, हे ते भाजीवालीलाही सांगतात. लाल आणि पांढऱ्या गुलबक्षीचा संकर केला की पहिली पिढी सगळी गुलाबी. त्या गुलाबीचं बी पेरलं की पुन्हा फाटाफूट: एक हिस्सा लाल, दोन गुलाबी, एक पांढरी. शिवाय १९०९ साली कोरेन्सने दाखवून दिलं, की ज्या गुलबक्षीच्या पानांवर पांढरे पट्टे असतात तिच्या रोपाच्या पानाचा रंग बी कुठल्या फांदीवर धरलं त्यावर ठरतो. पराग कुणाचा होता याला काडीची किंमत नाही.

काका हे सांगत असताना काकू कोथिंबीर निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘म्हणजे सगळं आईवर जातं.’

‘अगं, सगळं नाही. पानातला हिरवेपणा फक्त.’

‘तेच म्हणतेय. मुलांमध्ये जी काही टवटवी आहे ती.’

काकांची खरी परीक्षा दसऱ्याच्या सुमाराला, पेटुनियाच्या पेरणीला. एका ग्रॅममध्ये साधारण १०,००० बिया बसतात, तेव्हा पेरणीच्या दिवशी घरात पंखा बंद, खिडक्या बंद, शिंकणं बंद. बाहेर ऑक्टोबरचं ऊन रणरणत असतं. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्याला तळाशी भोकं पाडून काका त्यात चाळलेलं कोकोपीट आणि गांडूळखत भरतात. डबा पाण्याच्या ताटात ठेवतात, म्हणजे ओल खालून चढते. वरून पाणी ओतलं तर सगळं बी वाहून एका कोपऱ्यात जमतं. मग एक जुनी लग्नपत्रिका मधोमध दुमडून तिच्या घडीत बी ओततात. ओततात असं आपण समजायचं, दिसत काही नाही. टूथपिकचं टोक ओलं करून त्यावर एकेक कण उचलतात आणि मातीला नुसता टेकवतात. वर माती लोटायची नाही, कारण या बियांना उगवायला उजेड लागतो. कपाळावरचा घाम भुवईपर्यंत आलेला असतो, तो पुसायला हात मोकळा नसतो.

अशा वेळी बेल वाजते. काका ओठ न हलवता म्हणतात, ‘दार उघडू नकोस.’ काकू दार उघडतात, कारण बाहेर सिलेंडर असतो आणि सिलेंडर परत गेला तर काका त्यावर बी पेरून स्वयंपाक करणार नसतात. वाऱ्याची एक झुळूक येते, लग्नपत्रिका किंचित हलते. पंधरवड्याने डबा ओका राहतो आणि पेटुनिया तुळशीच्या कुंडीत, बाल्कनीच्या भेगेत आणि शेजाऱ्यांच्या मनीप्लँटच्या बुडाशी उगवतो. मग काका शेजाऱ्यांकडे जाऊन नम्रपणे सांगतात, ‘आमची रोपं तुमच्याकडे आली आहेत. पाणी बेताने घाला.’

पाणी बेताने घालण्याला कारण आहे. ओल जास्त झाली आणि हवा कोंदटली की मातीलगतचा देठ बुरशीने नरमतो. सकाळी उभी असलेली रोपं संध्याकाळी आडवी. शेतकी भाषेत याला मर म्हणतात. काका तो शब्द तोंडातून काढत नाहीत, ‘झोपली’ म्हणतात. त्या दिवशी ते कट्ट्यावर येत नाहीत आणि कट्ट्यावरही कुणी विचारत नाही.

दुसऱ्या मजल्यावरच्या आयटीतल्या मुलाला हे ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, ‘काका, एवढा त्रास कशाला? नर्सरीत फुललेला पेटुनिया तीस रुपयांना मिळतो.’

काका म्हणाले, ‘तयार नातूही मिळतो का, चौकशी करून ठेव.’

मग जरा शांत झाल्यावर म्हणाले, ‘अरे, रोप आणलं की त्याला काय येणार हे आधीच कळलेलं असतं. बी पेरलं की त्यालाही माहीत नसतं आणि मलाही नाही.’

काकांची सामाजिक प्रतिष्ठा वर्षातून एकदा, महाशिवरात्रीला, कळसाला पोचते. त्यांच्याकडे पांढरा धोतरा आहे, जांभळा दुहेरीही आहे, आणि त्या सकाळी दारात परड्यांची रांग लागते. काका फूल देतात ते व्याख्यानासकट. अट्रोपीन, हायोसायमिन, स्कोपोलामिन. तोंडाला कोरड, बाहुल्या विस्फारलेल्या, भ्रम. पान, फूल, बी, सगळंच विषारी. पोटात गेलं तर जिवावर बेतू शकतं. रांगेतल्या आजी फूल पदरात घेतात आणि हात मात्र लांब धरून देवळापर्यंत जातात. ‘फूल महादेवाचं, बोंड माझं,’ हा काकांचा करार. काटेरी बोंड झाडावर पिकून तडकेपर्यंत हात लावायचा नाही.

याच धोतऱ्यावरून काकूंनी घरात एकमेव कायदा केला आहे. पूर्वी बियांच्या पुड्या फ्रिजच्या दारात, अंड्यांच्या कप्प्यात असत. धोतऱ्याचं बी दिसायला थेट मिरचीच्या बियांसारखं. एके दिवशी काकूंनी ठेच्यासाठी मिरच्या काढताना ते पाहिलं, आणि त्या संध्याकाळपर्यंत बियांसाठी स्वतंत्र लोखंडी कपाट आलं. वर लाल अक्षरात ‘विष’. किल्ली काकूंच्या मंगळसूत्राला. काकांना बी हवं असेल तर प्रयोजन सांगून मागावं लागतं. पाटबंधारे खात्यातही इतकी शिस्त नव्हती, असं ते अभिमानाने सांगतात.

जानेवारीत एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन भरतं. बाकीचे लोक तिथे फुलांसोबत सेल्फी काढतात. काका फुलांकडे बघतच नाहीत, ते खालच्या फांदीवर वाळलेलं बोंड राहिलंय का हे बघतात. मग चपलेचा बंद बांधायला वाकतात. त्यांच्या पायात कोल्हापुरी असते आणि तिला बंद नसतो. काकू या वेळी दोन पावलं पुढे जाऊन भलत्याच बाईंशी ओळख काढतात.

उटीच्या सहलीत मात्र काकांची अडचण झाली. बंगल्यांच्या कुंपणांवर ब्रुग्मॅन्शिया लगडलेला, आणि शोधून शोधून एक बोंड नाही. कारण सोपं होतं. ही झाडं बहुतेक सगळी फांद्या खोचून वाढवलेली, म्हणजे मुळात एकाच झाडाचे तुकडे, आणि ब्रुग्मॅन्शियाला सहसा स्वतःचा पराग चालत नाही. ‘सगोत्र,’ काका म्हणाले. एका माळ्याने त्यांची तगमग बघून कोयत्याने चांगली अंगठ्याएवढी जाड फांदी छाटून पुढे केली. तमिळमध्ये जे काही बोलला त्याचा अर्थ ‘खोचा, लागेल’ असाच असणार. काकांनी हात जोडले. फांदी घेतली नाही. टॉय ट्रेन चुकली ती याच गडबडीत.

परतीच्या प्रवासात त्यांनी काकूंना सांगितलं, की दक्षिण अमेरिकेतलं हे झाड, याच्या सातही जाती रानात आता उरलेल्या नाहीत. आययूसीएनच्या यादीत त्या ‘रानटी अवस्थेत नामशेष’ आहेत. माणसाच्या अंगणात आहेत तेवढ्याच. ज्या मोठ्या जनावरांनी फळं खाऊन बिया पसरवायच्या ती जनावरंच हजारो वर्षांपूर्वी संपली असावीत, असा अभ्यासकांचा कयास आहे.

‘ती जागा रिकामी आहे,’ काका खिडकीबाहेर बघत म्हणाले.

‘आणि तुम्ही अर्ज केलात,’ काकू म्हणाल्या.

पुढे बियांच्या देवघेवीत काकांना ब्रुग्मॅन्शियाचं बी मिळालंच. बुचासारखं जाड कवच भिजवून नखाने सोललं, आतलं बी पेरलं, आठवडे गेले, अंकुर आला. खोड वाढलं, पण ते दोन फांद्यांत फुटेपर्यंत हे झाड कळीचं नाव काढत नाही. काका रोज सकाळी फाटा फुटला का ते बघत. अखेर फाटा फुटला, आणि फुलं आली त्या संध्याकाळी सगळ्या सोसायटीला गच्चीवर आमंत्रण गेलं. काकूंनी भेळ केली. सेक्रेटरींनी लहान मुलांना झाडापासून चार हात लांब बसवण्याचा ठराव जागच्या जागी मंजूर केला. सात वाजता वास सुटला तेव्हा भेळ खाणारेसुद्धा थांबले.

काका मात्र स्टुलावर चढून, तोंडात टॉर्च धरून, जलरंगाच्या कुंचल्याने एका फुलाचा पराग दुसऱ्याला लावत होते. सगोत्रच, पण आशा सुटत नव्हती. फुलं यथावकाश गळली. बोंड धरलं नाही. लोक आजही त्या संध्याकाळची आठवण काढतात. काका म्हणतात, ‘ते वर्ष वाया गेलं.’

काकांकडून बी घेणं सोपं, फोन चुकवणं अवघड. ‘उगवलं का?’ हा प्रश्न आठवड्याला ठरलेला. पाखरांनी खाल्लं, मुलाने कुंडी पाडली, गावाला गेलो होतो, ही कारणं एका हंगामापुरती. मग आमच्या मजल्यावरच्या वहिनींना युक्ती सुचली. त्यांनी नर्सरीतून फुललेले पेटुनिया आणले, कुंड्यांत लावले आणि काकांना बोलावलं. युक्ती लागू पडली म्हटल्यावर ती जिन्याने खाली उतरली, आणि गेली काही वर्षं काकांच्या पुडीतलं बी आमच्या इमारतीत एकदाही वाया गेलेलं नाही.

परवा काका वहिनींकडे आले तेव्हा कठड्यावर ओळीने पेटुनिया. सगळे जांभळे, सगळे एका उंचीचे, सगळे एकाच दिवशी फुललेले. संकरित बियाण्याची पहिली पिढी अशीच शिस्तीत येते. काकांच्या पुडीतलं बी घरच्या झाडांवर धरलेलं असतं. त्यातून चार रोपं आली तर चार तऱ्हेची येतात, हे कोरेन्सचं व्याख्यान ऐकलेल्या इमारतीतल्या कुत्र्यालाही माहीत आहे. काकांनी भिंग काढलं. पहिलं झाड बघितलं, शेवटचं बघितलं. वहिनींनी चहाचा कप पुढे केला, तो बशीत वाजत होता.

‘वा,’ काका म्हणाले. ‘एकसुद्धा रंग चुकलेला नाही.’

मग खिशातून एक कोरी पुडी काढून त्यांनी वहिनींच्या हातावर ठेवली.

‘आता यांचं बी धरा. पुढल्या वर्षी ही सगळी शिस्त मोडते बघा.’